नातजावयाचं नाव

...आणि वर मलाच म्हणतात, आजी हट्टी! तुम्हाला सांगते, बायांनो, हट्ट काय केला मी? नातजावयाचं नाव बदला म्हटलं, एवढंच ना? आमची अश्लेषा इथं जपानात, निशी-कसाईत कॉम्प्युटरच्या नोकरीला आली, ऑफिसात तिला हा रशियाचा मुलगा भेटला. उंच, हसरा, जेवला की आपलं ताट आपण विसळणारा, सगळं बरं... पण नाव? पाफ्नूती! नाव असावं हो माणसाला, पण असं?

बरं, ते तरी एक असावं! ऑफिसातले जपानी 'पाफुनूची-सान' म्हणून वाकतात, त्याची आई फोनवर 'पाफा', आजी 'नूत्या', त्यांच्या खेड्यातले म्हातारे 'पाख्नूती'... आणि माझी कवळी! 'पा' म्हटलं की पुढं येते, 'फ्नू' म्हटलं की नुसता वारा!

म्हणून लग्नाच्या दिवशी मी काय केलं, भाड्याच्या हॉलात ताटात तांदूळ पसरले, तेही इथले, बुटके, गोल. नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो ना? मी अंगठी अश्लेषाच्या हातात दिली. म्हटलं, लिही, पद्मनाभ! इतकी वर्षं बायकांची नावं बदलली, एका पुरुषाचं बदललं तर काय बिघडतं?

माझा मुलगा सदानंद ओरडला, "आई, अगं हे काय!" सून मेधा पदरात हसत्येय. आणि अश्लेषा? अंगठी खाली ठेवून म्हणते, "आजी, ह्याचं नाव बदलायचं असेल तर मी उठते. लग्न राहिलं!"

एवढ्या लांब येऊन मी लग्न मोडलं?

तो मात्र मांडी घालून बसला माझ्यासमोर. त्यानं सांगायचं, तिनं मराठीत करायचं. म्हणे, हे नाव रशियाचं नाहीच मुळी! इजिप्तचं. 'देवाचा माणूस' असा अर्थ. तिथल्या साधूंचं नाव, ते ग्रीक लोकांकडून रशियात गेलं. आता तिकडंही कुणी ठेवत नाही, शाळेत पोरं फिदीफिदी हसायची. पण त्यांच्या देवळाच्या पंचांगात रोज कुठल्या ना कुठल्या साधूचं नाव असतं, ह्याच्या जन्मतिथीजवळ हे सापडलं, म्हणून आजीनं ठेवलं.

मी म्हटलं, "अरे, मग बदललं का नाहीस? नाव असावं, पण असं?"

तर म्हणे, "मग आजीनं हाक कुणाला मारायची?"

सुमन होते हो मी माहेरी. मलाही असंच ताट पुढं आलं, वाचता येत नव्हतं, सासूबाईंनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं, आपण आता दमयंती. आई तेवढी 'सुमे' म्हणायची. ती गेली, हाकही गेली.

हातानं तांदूळ सारखे केले. म्हटलं, "त्याचंही राहू दे, हिचंही राहू दे. भटजी, पुढं चला!"

आता अश्लेषाला सातवा लागलाय. पाळण्यातलं नाव कोण ठेवणार? मी म्हटलं, त्याच्या आजीला विचारा, तिचा हात चांगला आहे. झालं! पंचांग बघून म्हातारीनं यादी धाडलीय. काल अश्लेषानं वाचून दाखवली... नाव असावं हो माणसाला, पण तुम्हाला सांगते, त्या अख्ख्या यादीपुढं पाफ्नूती म्हणजे अगदीच बाळबोध! बसलेय पाठ करत. काय करता?