दोन घरांचा एक संत

नाही म्हणतेस? कागदात पुन्हा बघ पोरी, माझा चष्मा फुटलाय, तुझे डोळे शाबूत आहेत ना? — टेशोविच आणि गाव्रोविच, नातं नाही. बापाकडून नाही, आईकडूनही नाही. ते नदीपलीकडचे, आम्ही अलीकडचे, दोघांचा कुळसंत एकच, अलिम्पिये — आणि रक्त निराळं! रक्ताचं नातं तपासायचं म्हणून वसंतात येऊन गालात कापसाची काडी काय फिरवलीस, आणि आता बेलग्रेडहून एवढा रस्ता तुडवून हे सांगायला आलीस. बस. घोटभर राकिया घे, घरीच गाळलेली दारू. नको? मग मी घेतो.

तू शहरातली, तुला काय ठाऊक. आमच्याकडं एक संत म्हणजे एक रक्त, सोयरीक होतच नाही — बहीण-भाऊच ते. म्हणून तर वितोमीर गाव्रोविच माझ्या लेकीला, स्मिल्याला मागायला आला, तेव्हा त्याला फाटकातच उभं केलं. आत घेतलंच नाही. म्हटलं, बाबा रे, बहीण लागते ती तुझी, लाज बाळग. खाली मान घालून गेला बिचारा. एकतीस वर्षं झाली. त्यानं पुढं दुसरी केली, नातवंडं आहेत त्याला. आणि ही — ही इथंच. दर डिसेंबरात संताच्या सणाला प्रसादाचा गहू शिजवते, रोट भाजते, पाहुण्यांची उष्टी काढते.

काय म्हणालीस? अजाणतेपणी झालं? हं. कसला अजाणतेपणा! माझा आजा या घरात घरजावई आला होता — डोंगरापलीकडून, अंगावरच्या कपड्यानिशी. घर बायकोचं, आडनाव बायकोचं, संतसुद्धा बायकोचाच. म्हणजे संत एक असला तरी बापाकडून आमचं रक्त मुळात निराळंच. बापानं मरताना मला सांगितलं, वर म्हणाला, तोंड शिवून ठेव. मग मी काय चावडीवर ओरडू — होऊ द्या लग्न, आम्ही घरजावयाची अवलाद? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरं सांगू? त्याच हिवाळ्यात हिची आई गेली होती. चूल कोण पेटवणार होतं? मला कोण होतं? संत आयता सापडला, घातला पुढं.

आण तो कागद, चुलीत घालतो. तिला मात्र बोलू नकोस — काय? तिच्याकडंही आहे कागद? कधीपासून? सप्टेंबर? — थांब, थांब. वितोमीरच्या गालातली काडी... ती तिनंच मिळवून दिली? म्हणजे पूल ओलांडून गेली ती. त्याच्या दारात.

दोन महिने. दोन महिने माझ्यापुढं ताट ठेवतेय. काल पाय चोळून दिले माझे. एक शब्द नाही गं! शिव्या तरी घालायच्या. तिला वाटत असेल, बाप अडाणी, चुकला बिचारा. या कागदात घरजावयाचं काही नाही ना? आणि मला ठाऊक होतं, हे — हे तर नाहीच. कागदाला कसं कळणार.

थकलो पोरी. ऊठ तू, बस चुकेल. परसात असेल ती, कोबी पिंपात भरतेय. जाता जाता सांग तिला — हात पूस आणि आत ये म्हणावं. बापाला काही सांगायचंय.