सोमवारी फ्लॉरेन्स, मंगळवारी नेपल्स

अंबूबाई : आवं मास्तर, तारीख तेवढी पुन्यांदा वाचा.

मास्तर : मंगळवार, सतरा ऑक्टोबर. तिसऱ्यांदा वाचतोय, अंबूबाई. तुमच्या केरबानं स्वच्छ कळवलंय. उजवा हात बांधलाय म्हणून पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेतो, जिवाला धोका नाही, कालच विमानानं इथल्या इस्पितळात आणलं.

अंबूबाई : तितंच तर घोडं अडतंय. गुंडा, सांग की रं मास्तरास्नी.

गुंडा : पत्रावरचा इस्पितळाचा ह्यो नंबर नेपल्सचा हाय, मास्तर. इटलीच्या लढाईवरनं रजेवर येताना मी तितनंच बोटीत बसलो. आन आदल्या दिशी, सोमवारी दुपारी केरबा फ्लॉरेन्सला हुता, जखमींच्या तंबूत. म्या सवता पानी पाजलं त्येला. तितनं नेपल्स गाठाय आमच्या लॉरीला तीन दिस लागलं. पूल समदं उडवल्यालं, निसता चिखुल.

अंबूबाई : मग माझं लेकरू एका दिसात कसं पोचलं? बनुबाईच्या लेकाचं बी आसंच झालं. आदी परक्या अक्षरात पत्र, आन आठ दिसांनी तार. आईला धीर द्याया कुनीबी लिवतं, मास्तर. आमच्या अंजनाला ह्ये पत्र दावलं न्हाई म्या. नवरा जिता हाय म्हनून सांगायचं, आन मागनं तिचं कपाळ पुसायचं का?

मास्तर : थांबा, नकाशा काढतो. गुंडा, हा दोरा धर. हे फ्लॉरेन्स. ते नव्हे रे, खाली. भूगोलात तू शाळेतही असाच होतास. हं, आणि हे नेपल्स.

(मास्तर दोरा मैलांच्या पट्टीवर धरून मोजतात.)

मास्तर : सरळ रेषेत अडीचशे मैल. मालाचं विमान तासाला दीडशे मैल तरी जातं. पावणेदोन तास धरा.

अंबूबाई : पावनेदोन? आपल्याला पलूसास्नं सांगलीला गाडीबैलानं जायाचं तर दिस जातो.

मास्तर : विमानाला घाट चढायचा नाही, पूल शोधायचा नाही.

अंबूबाई : आसंल. पर कुनब्याच्या पोराला इमानात बसवतंय कोन? ते सायबाचं काम.

गुंडा : मला बी तेच वाटतंय, काकी. फ्लॉरेन्सच्या मैदानात रोज इमानं यायची. पेट्रोल, डबं, गोळ्या. आमची कंपनीच माल उतरवायची. मग जायाची माघारी.

मास्तर : रिकामी?

गुंडा : आमी तवर माल घिऊन डिपोकडं निगालेलो आसायचो. पर जखमींच्या लाल क्रासच्या गाड्या तिकडं वळताना बगितल्यात. मी म्हनलं, वाट तिकडनं आसंल.

अंबूबाई : आरं, वाट कशाची? गुळाच्या गाड्या सांगलीच्या पेठंत ढेपा उतरवून माघारी निगत्यात, तवा आपन न्हाई का बसत? वळख न्हाई, पाळख न्हाई, गाडीवान म्हंतो, चढा, गाडी रिकामीच हाय.

गुंडा : व्हय की, काकी. ह्ये माझ्या टकुऱ्यात आलंच न्हाई.

मास्तर : अगदी तसंच झालंय, अंबूबाई. माल उतरवून रिकामं झालेलं विमान जखमींना घेऊन माघारी जात असणार. दुपारी विमानात ठेवला असेल, तर दिवेलागणीच्या आत पोचला.

अंबूबाई : आन मंगळवारी त्येनंच पत्र लिवाय लावलं.

मास्तर : त्यानंच.

अंबूबाई : आता जीव भांड्यात पडला. चार दिस घास गिळवत न्हवता, मास्तर. सुनंपुढं रडता बी येत न्हवतं.

मास्तर : मग उत्तर लिहूनच जा. काय कळवू त्याला?

अंबूबाई : लिव्हा, पत्र पोचलं, अंजनाला आजच दावते. आन म्हनावं, घरला येताना इमानाचा हट्ट धरू नगंस. बोटीनं ये. म्हैना लागू दे, दोन लागू देत. आता आमाला घाई न्हाई.