मडकं हाकेच्या अंतरावर

कुणीतरी आपल्याला फसवलंय, तुम्हाला सांगतो. नाव घेत नाही, कारण कोण ते मलाही कळलेलं नाही, आणि कळलं तरी लिहायचं कुठं? आमच्या गावात लिहायला एकच जागा होती, चावडीची भिंत, आणि तिच्यावर आता चुना आहे. त्या भिंतीवर आकाराम रोज सकाळी खडूनं बातम्या लिहायचा. बेचाळीसला गोऱ्या सरकारनं ती पुसली, त्याला आत टाकलं, तिथूनच तो खोकला घेऊन आला. यंदा त्यानं लिहिलं, 'रेशनचा जोंधळा किडका आहे', तर भिंत आपल्याच लोकांनी पुसली. राज्य आपलं आहे ना आता.

परवा आकाराम गेला. त्याची आई चंद्राबाई मला म्हणाली, "तू सांगलीला कालेजात शिकलास न्हवं? मग येवढं कर. माझ्या लेकाला मानसांतनं जाऊ दे." कारण तालुक्यात जमावबंदी. पाच माणसं एकत्र दिसली की गुन्हा. आता तिरडीला खांदेकरी चार, आणि पुढं विस्तवाचं मडकं धरणारा एक, किती झाले? मी तडक अर्ज लिहिला, बारा जणांच्या सह्या घेतल्या, फौजदारापुढं ठेवला. त्यानं अर्ज वाचलाच नाही, सह्या मोजल्या. "बारा जण? कुठं जमला होतात?"

मी म्हटलं, साहेब, दिल्लीत घटना लिहून होत आलीय, तिच्यात बोलायचं स्वातंत्र्य आहे, शांतपणे जमायचं आहे... "आणि त्याच्याखाली 'परंतु' आहे," तो म्हणाला, "ते वाचलंत का?" वाचलं होतं हो. मूळ कलमापेक्षा ते लांब आहे.

शेवटी त्यानंच तोड काढली. खांदेकरी चार एकत्र चालोत, मडकेवाला हाकेच्या अंतरावर पुढं, म्हणजे तो जमावात नाही. घोषणा नाही, भाषण नाही, आरडाओरडा नाही. राज्य आपलं आहे, म्हणून एवढी सवलत.

मडकं धरलं आकारामच्या धाकट्या भावानं, गुंडानं. आणि मडकं धरणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो बिचारा एकटाच धूर घेऊन वळणापलीकडं गेलेला, आणि तिथून विचारतोय, "येतायसा न्हवं रं?" आम्हा चार खांदेकऱ्यांबरोबर पोलीस बिराप्पा. त्याला धरून आम्ही पाच होतो, पण पोलीस मोजायचा नसतो. मी स्वातंत्र्यावरचं आख्खं भाषण पाठ करून आलेलो, आणि मला साधं 'आलो' ओरडायची सोय नाही. पुन्हा हाक... "आरं, दादाला आनताय न्हवं?"

तेवढ्यात आपल्या उंबऱ्यातनं अंबूबाई म्हणाली, "येतोय रं गुंडा." उंबऱ्यात एकटं उभं राहणं अजून गुन्हा नाही. पुढच्या दारातनं म्हातारा कोंडीबा, "येतोय, चाल तू." सगळं गाव आपापल्या दारात, एकेकटं, आणि गुंडाच्या वाटेवर दारोदार तेच, येतोय, येतोय... चंद्राबाईला हवी होती ती माणसं हीच. एवढी मोठी सभा मी सांगलीतही पाहिलेली नाही, आणि तिच्यात भाषण फक्त एका शब्दाचं. माझी बाही भिजली होती, कशानं ते सांगत नाही.

चिता पेटल्यावर मी बिराप्पाला म्हटलं, हे असं चालायचं नाही, राज्य आपलं आहे, मी थेट दिल्लीला अर्ज करणार.

त्यानं टोपी काढून काखेत धरली होती. चितेकडं बघतच म्हणाला, "करा की दादा. पर सही एकट्याचीच करा."