टॅव संपला

न्यूयॉर्कच्या त्या हॉस्पिटलात एडिथ टॅव्हनर कँटीनच्या रांगेत नवऱ्यासाठी सूप घ्यायला उभी होती. तिच्या पुढे प्रयोगशाळेतले दोघे पांढऱ्या कोटात गप्पा मारत होते.

"टॅवचं काय झालं रे?"

"संपवला एकदाचा! तुकडे तुकडे करून."

"डोकं कुठलं, शेपूट कुठली, कळलं?"

"डोक्याकडनं एकेक काढत गेलो. काय छळलंय लेकाच्यानं!"

एडिथच्या हातातला ट्रे खणकन खाली पडला.

"अहो, कुणाचे तुकडे केलेत तुम्ही?"

"अरे देवा! घाबरू नका बाई. टॅव म्हणजे रक्तातलं प्रथिन, रोगाशी लढणारं. अमिनो आम्लांची माळच असते ती. कुठल्या मण्यामागे कुठला मणी, ते आम्ही शोधलं."

"मग त्याला टॅव का म्हणता?"

"ज्या पेशंटचं रक्त, त्याच्या आडनावाची पहिली अक्षरं. आमच्यात तशी पद्धतच आहे. बिचारा कधीच गेला असेल म्हणा."

"कोण म्हणतं गेला?"

"नाही, म्हणजे रक्ताच्या या कॅन्सरात इतके दिवस कोण..."

"पाचव्या मजल्यावर आहे तो. मी टॅव्हनर, त्याची बायको. एवढं रक्त कशाला नेतात, म्हणून मला रोज विचारतो."

रांग पुढे सरकली. ते दोघे मात्र जागचे हलेनात.

"बाई, आम्ही... आम्ही येऊ का त्यांना भेटायला?"

"या की. ती माळ त्याचीच आहे ना? त्याला एकदा वाचून दाखवा."