भिंत पाडली अन् ढग आला

...तर भिंत पाडली तीच चूक झाली, पण तुमाला सांगतो, दोनच तर खोल्या हो, त्यातली मागली इतकी अंधारी की भर दुपारी चप्पल शोधायला बॅटरी लागायची! तेलगावातलं पत्र्याचं घर, अन् मोहिनी, म्हंजी आमची मंडळी, रोज म्हणायची, 'अहो, आपल्या घरात ऊन कवा येणार?' आता ऊन काय पाव्हणं हाय का, बोलवून आणायला?

पण बसलं मनात. नबीभाई मिस्त्रीला बोलावलं. त्यानं भिंतीवर हात फिरवला, 'बिभीषणभाऊ, ही मधली भिंत कायकू ठेवले? काढो. वरचा एक पत्रा काचेसारखा टाकतो, फिर देखो.'

पडली भिंत. दोनच तर खोल्या हो, त्यांची एक झाली! पांढरा रंग मारला, पत्रा बसवला, अन् काय सांगू... दुपारी जमिनीवर उजेडाचा चौकोन उतरायचा, हळूहळू सरकायचा, अन् मोहिनी ओले केस सोडून त्याच्यासंगं सरकायची. मी उताणा पडून वर बघायचो, एक ढग गेला, मग दुसरा, मग बराच वेळ काहीच न्हाई, नुसतं निळं... लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तिच्या कानामागचा तीळ मला तवा दिसला. लई सुखात होतो. नऊ दिवस.

दहाव्या दिवशी शेतातनं कापूस आला. आमच्याकडं कापूस घरातच ठेवतात, भाव चढस्तोवर. दरसाल मागल्या खोलीत कोंबायचो, भिंत होती म्हणून तिथंच थांबायचा. आता कावून थांबंल? आप्पा, आमचे वडील, दारात उभे राहून कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. तर म्हणले, 'लई जागा केलीस पोरा. यंदा समदा कापूस हितंच बसंल.'

बसला की! दोनच तर खोल्या हो, आठ दिवसांत पत्र्याला टेकायला हातभर राहिला. म्हणलं, आता मोहिनी रडती. ती शिडी लावून ढिगावर चढली अन् उताणी पडली.

'काय झालं गं?'

'अहो, ढग लई जवळ आलाय.'

आता आप्पा भावासाठी थांबलेत, मोहिनी म्हणती भाव आला तरी चार दिवस विकू नका, अन् मला कापसाची खाज सुटती, म्हणून मी हा असा अंगणात बाजेवर... घर लई मोठं झालं, खोटं न्हाई बोलत. समदे मावले. एक मीच तेवढा उरलो.