ताटातला साबण

लग्न होऊन पेणला आले ना, तेव्हाची गंमत. बचत गटात शिकून मी काकडी-गाजर किसून घरीच साबण केला. साचा नव्हता, म्हणून ताटात ओतून वड्या पाडल्या.

कपडे वाळत घालून येते, तर सासऱ्यांनी एक वडी तोंडात टाकलेली! मी दारातच थिजले. जन्म मिठागरात गेलेला माणूस, चवीच्या बाबतीत भलता कडक. त्यांनी शांतपणे चावून घास गिळला.

"ब्येस झालीय गो. मीठ तेवढं कमी हाय."

"आबा, साबण हाय तो!"

"व्हय, कळलं," मिशीवरचा फेस पुसत ते म्हणाले.

"मग थुकलात का नाय?"

"पयल्यांदा कायतरी केलंस, आन तू दारात जीव मुठीत धरून हुबी. कसा थुकू?"