यादीत राहिलेली सबब

तुम्ही मला कायद्याचा माणूस म्हणता ना, तर माझंच एक ऐका. आमच्या आमदारबाईंना सगळे अक्का म्हणायचे. जात-धर्म बघून भाड्याने घर नाकारणाऱ्याला दंड व्हावा, असं बिल त्यांना विधानसभेत मांडायचं होतं. मसुदा मी लिहीत होतो. घरमालक काय काय सबबी सांगतात, त्याची यादीच आम्ही हैदराबादेत, नारायणगुड्याला त्यांच्या ऑफिसात बसून केली होती.

त्याच दिवसांत एकदा अक्कांचा घरी फोन आला. "दादा, तुमचा तारनाक्याचा वरचा मजला रिकामा आहे ना? नसरीन म्हणून एक टीचर आहे, तिला पाठवते."

नसरीन आली, तिला घर आवडलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, शेजारी काय म्हणतील हे तिच्याआधी माझ्याच मनात आलं होतं.

"माफ कर बेटा," मी म्हणालो, "माझ्या बहिणीचा मुलगा येतोय राहायला. आत्ताच फोन आला त्याचा."

"कोई बात नै अंकल," म्हणून ती गेली.

आठवड्याने अक्कांनी मसुदा पुढे ठेवला. "दादा, यादीत एक राहिलं होतं, तेवढं कायद्याच्या भाषेत बसवा." खाली त्यांच्या अक्षरात होतं, 'नातेवाईक राहायला येणार आहे असं खोटं सांगणे.'

बसवलं मी. बिल चर्चेला आलंच नाही, पुढची निवडणूक अक्का हरल्या.

मला बहीण नाही, म्हणून अक्का दर वर्षी घरी येऊन राखी बांधायच्या. नसरीनला परत पाठवलं त्या वर्षीही आल्या. कोणती बहीण, असं त्यांनी विचारलं नाही.